आधी कानात बघा, मग बहिरं म्हणा

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सत्तरीच्या माणसाला ऐकू कमी यायला लागलं, की घरात निकाल लागायला वेळ लागत नाही. "आबांचं वय झालं, आता ऐकू कमीच येणार," असं सून म्हणते. शेजारची मावशी कोमट तेल सुचवते. पुण्याला नोकरीला असलेला नातू फोनवरून कानाचं मशीन मागवतो. तिघांनाही आबांची माया आहे, तिघंही आपापल्या परीनं झटतात. पण या सगळ्या धडपडीत आबांच्या कानात उजेड टाकून आत काय आहे, ते मात्र कुणीच बघत नाही.

हा वाद त्या न बघण्याशी आहे. म्हातारपणी ऐकू न येणं हा वयाचा भोग मानून गप्प बसणं चूक आहे. आणि न बघता कानात काड्या, तेलं, थेंब नाहीतर यंत्रं घालत राहणं त्याहून घातक आहे.

बहिरेपणा प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र सरकारनं २००७ मध्ये सुरू केला. आधी १० राज्यं आणि एक केंद्रशासित प्रदेश मिळून २५ जिल्हे घेतले होते, पुढे तो देशभर वाढत गेला. या कार्यक्रमाच्या मांडणीत ज्या पाहणीचे आकडे दिले जातात, त्यात ऐकू कमी येण्याच्या कारणांत पहिला नंबर कानातल्या मळाचा आहे : १५.९ टक्के. वयोमानानं येणारं बहिरेपण त्याच्या खाली, १०.३ टक्के. कान वाहण्याचा जुनाट आजार ५.२ टक्के. घराघरांत ज्याला पहिलं कारण मानतात, ते वय या यादीत दुसरं आहे. पहिलं आहे ते काढून टाकता येण्यासारखं, भूल लागत नाही, टाका पडत नाही असं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे, की सर्वसाधारण प्रौढांत विसातल्या एकाच्या कानात त्रासदायक मळ साचलेला सापडतो. म्हाताऱ्यांत मात्र हे प्रमाण तिघांत एकापेक्षाही जास्त आहे. धूळ, ऊन आणि पाचटाच्या कुसळात आयुष्य काढलेल्या माणसांच्या कानांकडे बघायला एवढे आकडे पुरेत.

म्हातारपणीच मळ का साचतो, हे कळलं की "वय झालं" या वाक्याचा खरा अर्थ लागतो. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा कुर्चेचा. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी आणि केस तेवढ्याच भागात असतात. आतला दोन तृतीयांश हिस्सा हाडाचा, आणि त्यावरची कातडी फार पातळ. ग्रंथींचा स्राव, कातडीचं तेल आणि गळून पडलेल्या कातडीचे कण मिळून मळ होतो. तो घाण मानला जातो, पण शरीरानं तो कामासाठीच केलेला असतो. किंचित आंबट गुणाचा हा थर पाणी मुरू देत नाही, धूळ अडवतो, जंतूंना आणि बुरशीला सहजी वाढू देत नाही. शिवाय कानाच्या नळीची कातडी पडद्यापासून बाहेरच्या बाजूला सतत सरकत असते, नख जेवढ्या संथपणे वाढतं जवळपास तेवढ्याच गतीनं. जेवताना, बोलताना जबडा हलतो त्याचीही मदत होते. धडधाकट कान अशा रीतीनं आपली सफाई आपणच करतो, आणि मळ कोरडा होऊन नकळत बाहेर गळतो.

उतारवयात या व्यवस्थेत बिघाड होतो. ग्रंथी सुकत जातात म्हणून मळ कोरडा आणि कडक होतो. पुरुषांच्या कानातले केस राठ होतात आणि त्यात तो अडकतो. कातडीचं सरकणं मंदावतं. कुर्चा सैल पडते, त्यामुळे नळीचं तोंड काहींच्या बाबतीत चेपतं. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांच्या कानात तर नळीच्या तोंडाशी बूचच बसलेलं असतं. म्हणजे वय कारणीभूत आहेच, पण दोन निरनिराळ्या वाटांनी. एका वाटेनं ते आतल्या कानातल्या ऐकण्याच्या पेशी झिजवतं, त्या परत येत नाहीत. दुसऱ्या वाटेनं ते नळीत मळ साठवतं, आणि तो निघतो. घरातली माणसं या दोन्हींची एकच मोट बांधतात आणि निघणाऱ्या कारणालाही न निघणाऱ्याच्या खात्यात टाकतात.

यात नुकसान किती होतं, हे हिशेबानं बघता येतं. समजा, एखाद्या आजीला वयोमानानं ४० डेसिबलचं ऐकणं कमी झालंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतवारीत ते मध्यम. समोर बसून बोललं, चेहरा दिसला, तर तिचं निभतं. तिच्या नळीत मळाचा खडा घट्ट बसला आणि त्यानं आणखी २५ डेसिबल खाल्ले, तर आकडा ६५ वर जातो. ती प्रतवारी तीव्र बहिरेपणाची. आता कानाशी ओरडल्याशिवाय तिला काही कळत नाही. घरात म्हणतात, आजी या वर्षी एकदम खचली. खचलेलं काही नसतं. २५ डेसिबल मळाचे असतात आणि ते दवाखान्यातल्या एका बैठकीत परत मिळू शकतात. उरलेले ४० राहतील, पण ४० सोबत जगता येतं.

बीडमध्ये या २५ डेसिबलची किंमत इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त मोजावी लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथले ऊसतोड मजूर लाखोंच्या संख्येनं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयता गेला की गावात मागं राहतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्या जिवावर सोडलेली शाळकरी नातवंडं. पुढचे पाच-सहा महिने पोराचा ताप, शाळेचा निरोप, रेशन, मुकादमाची उचल, सगळं फोनवर चालतं. ज्या आजीला फोनवरचं कळत नाही, तिच्या घरात आठ वर्षांची नात दुभाषी होते. आईचा प्रश्न ती आजीला ओरडून सांगते, आजीचं उत्तर आईला. पोरीला काय होतंय ते पोरीच्याच तोंडून आईपर्यंत जातं, आणि लहान लेकरू सगळं सांगत नाही. रस्त्यावर मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर, रात्री गोठ्यातली खुडबुड, आरोग्य केंद्रातल्या नर्सनं सांगितलेली गोळ्यांची वेळ, हे सगळं ऐकण्यावर अवलंबून आहे. म्हातारीच्या ऐकण्याला इथं चैन म्हणता येणार नाही. घर चालतं त्याच्यावर.

आता घरगुती सफाईकडे वळू. केसातली पिन, काडेपेटीची काडी, गाडीची चावी, सेफ्टी पिन, पितळी कानकोरणं, आणि अलीकडे कापसाच्या काड्या. हत्यार बदललं तरी त्यामागची समजूत एकच, की आत मळ आहे तर आत घालून काढावा. ती साफ खोटी आहे. मळ तयार होतो बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात. काडी आत गेली की थोडा मळ तिला चिकटून बाहेर येतो आणि बाकीचा हाडाच्या भागात, पडद्याकडे ढकलला जातो. तिथून त्याला परतीचा रस्ता नसतो. ज्याच्या कानात पडद्याला चिकटलेला मळ सापडतो, त्यानं किंवा त्याच्या माणसांनी तो बहुतेक वेळा आपल्या हातानं तिथं पोचवलेला असतो. कापसाची काडी मऊ, म्हणून निर्धोक मानतात. लिओ गर्स्टेनझांग नावाच्या माणसानं १९२० च्या दशकात अमेरिकेत ती बाजारात आणली, आणि आज ती बनवणाऱ्या कंपन्याच पाकिटावर छापतात की कानाच्या नळीत घालू नये. विकणारा नको म्हणतो आणि घेणारा घालतो, असा प्रकार आहे. म्हाताऱ्या माणसाच्या पातळ कातडीला ओरखडा पडायला वेळ लागत नाही. नातवाचा धक्का लागून हात हलला, तर पडदाही फाटतो.

तेलाचा पक्ष मात्र इतका सहज मोडून काढण्यासारखा नाही, आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. तेल घालणारे म्हणतात : ही रीत कालपरवाची नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोजच्या अभ्यंगात डोकं, कान आणि पाय यांना विशेष तेल लावायला सांगितलं आहे. आयुर्वेदात कर्णपूरण हा स्वतंत्र उपचार आहे. तेलानं मळ मऊ होतो, हे डॉक्टरही मानतात. मेडिकलच्या दुकानातल्या बाटलीत तरी निराळं काय असतं? शिवाय तेल घरात आहे, दवाखाना लांब आहे.

यातलं पुष्कळसं खरं आहे. तेलानं मळ मऊ होतो. कानातल्या थेंबांवरच्या चाचण्या गोळा करून कॉक्रेन या संस्थेनं २०१८ मध्ये जो आढावा घेतला, त्यात एक थेंब दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा भरवशाचा पुरावा सापडला नाही. साधं पाणी किंवा मिठाचं पाणी यांच्यापेक्षा महागडे थेंब चांगले, असंही सिद्ध झालं नाही. तेव्हा औषधाच्या बाटलीचा तोरा मिरवायला डॉक्टरांच्या बाजूलाही जागा नाही. पडदा शाबूत असलेल्या, न वाहणाऱ्या, न दुखणाऱ्या कानात दोन-चार दिवस साध्या, कोमटसुद्धा न केलेल्या तेलाचे थेंब सोडले तर सहसा अपाय होत नाही.

प्रश्न आहे तो "पडदा शाबूत" या दोन शब्दांचा. तो शाबूत आहे हे बघितलं कुणी? आज सत्तरीत असलेल्या पिढीचं बालपण १९५० च्या दशकातलं. कान फुटणं, कानातून पू येणं हे तेव्हा घरोघर होतं, आणि "पोराचा कान वाहतो, मोठा झाल्यावर थांबेल" असं म्हणून ते सोडून दिलं जाई. वाहणं थांबतं, पण पडद्याचं भोक अनेकदा उरतं आणि माणूस ते विसरून जातो. अशा कानात घातलेलं तेल पडद्याच्या पलीकडे, मधल्या कानात उतरतं, सोबत जंतू नेतं आणि पन्नास वर्षं कोरडा असलेला कान पुन्हा वाहू लागतो. लसूण जाळून केलेलं कढत तेल तर नळी भाजतं. उकाड्याच्या, दमट दिवसांत तेलकट कानात बुरशी धरते. ओला कागद कोंबल्यासारखा कान भरतो, प्रचंड खाज सुटते. खाज सुटली की माणूस पुन्हा तेलच घालतो.

मधुमेह असलेल्यांनी तर इथं जपायलाच हवं. उतारवयातल्या मधुमेह्याच्या कानाच्या नळीत स्यूडोमोनस नावाचा जंतू शिरला, तर तो कातडीवर थांबत नाही, कवटीच्या हाडापर्यंत पोचतो. रात्री झोप येऊ न देणारा ठणका हे त्याचं पहिलं लक्षण. पुढे चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते आणि जीवही जाऊ शकतो. कान कोरताना पडलेला ओरखडा किंवा नळाच्या पाण्यानं कान धुणं ही याची नोंदलेली कारणं आहेत. गावात कुणाच्या रक्तात साखर आहे हे पुष्कळदा माहीतच नसतं. मग तेलाचा, पाण्याचा, काडीचा सल्ला देणारा कशाच्या भरवशावर देतो?

न बघण्याचा आणखी एक तोटा फारच महाग पडतो. एके सकाळी एका कानानं ऐकू येणं एकदम बंद झालं, दुखत नाही, वाहत नाही, तर गावात त्याला मळच समजतात, कारण डोक्यावरून अंघोळ केल्यावर मळ फुगून कानाला असे दडे बसतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हेच लक्षण आतल्या कानाची नस एकाएकी निकामी होण्याचंही असतं. त्यावर स्टेरॉइडचं औषध पहिल्या काही दिवसांत मिळालं तर उपयोग होण्याची आशा असते. दोन आठवड्यांनंतर ती झपाट्यानं मावळते. आठ दिवस तेल घालून वाट बघणारा ते दिवस घालवून बसतो. घरी करता येईल अशी एक ढोबळ खूण आहे. तोंड मिटून हुंकार भरावा. स्वतःचा आवाज बंद पडलेल्या कानात मोठा वाटला, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याचा संभव जास्त. तो चांगल्या कानात मोठा वाटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ही खूण तपासणीची जागा घेत नाही, पण एसटी आज पकडायची की सोमवारी, हे ठरवायला पुरते.

"दवाखाना लांब" हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. जिल्ह्यातलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं हे महाविद्यालय १९७० च्या दशकात ग्रामीण भागासाठी म्हणून मुद्दाम इथं काढलं गेलं आणि मराठवाड्याच्या कित्येक पिढ्यांना त्यानं आधार दिला. पण अंबाजोगाई जिल्ह्याच्या पूर्वेला आहे. बीड शहरातूनच ते जवळपास शंभर किलोमीटर. आष्टी-पाटोद्याच्या माणसाला त्यापेक्षा अहिल्यानगर जवळ. बीडला जिल्हा रुग्णालय आहे, पण तिथं जायचं तर कुणाचा तरी रोज बुडतो. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली तरी सोबत येणाऱ्या लेकाची मजुरी फुकट होत नाही.

म्हणूनच मळ काढण्याचं काम गावाजवळ यायला हवं, आणि ते येऊ शकतं. त्याला मोठा तज्ज्ञ लागत नाही. ऑटोस्कोप नावाचा छोटा दिवा, त्याच्या तोंडाला वेगवेगळ्या मापांच्या नळ्या, आणि आत बघायला शिकलेले डोळे, एवढं असलं की पडदा दिसतो, मळ दिसतो, भोक दिसतं. काढण्याच्या रीतीही ठरलेल्या : मऊ करून पाण्यानं धुणं, बोथट आकड्यानं ओढणं, सक्शननं खेचणं. पडद्याला भोक असेल तर पाणी वर्ज्य. धुण्याचं पाणी शरीराइतकंच ऊन असावं लागतं, नाहीतर माणसाला गरगरतं. हे गरगरणं वैद्यकाच्या इतिहासात फार फळाला आलं. व्हिएन्नात कान धुताना पाणी जास्त गार किंवा जास्त गरम झालं की रुग्णांना भोवळ येते, हे रॉबर्ट बारानी या डॉक्टरच्या ध्यानात आलं. त्यावरून त्यानं तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाची तपासणी बसवली आणि त्याला १९१४ चं नोबेल मिळालं. शोध लावायला तज्ज्ञ लागला, पण पाणी कोमट ठेवायला प्रशिक्षित नर्स पुरते. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं नर्सच हे काम करत आल्या. तिथल्या नाइस या संस्थेनं २०१८ मध्ये मळ काढण्याची सोय घराजवळच्या दवाखान्यात असावी असं सांगितलं, तरीही अनेक भागांत ही सेवा बंद पडली आहे आणि म्हाताऱ्यांना खिशातून पैसे मोजावे लागतात. आरएनआयडी ही बहिऱ्यांसाठी काम करणारी संस्था त्यासाठी तिथं झगडते आहे. श्रीमंत देशातही ही गोष्ट आपोआप मिळत नाही, मागावी लागते.

आपल्याकडे कागदावर हक्क आहे. गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत द्यायच्या बारा प्रकारच्या सेवांत डोळ्यांसोबत कान-नाक-घशाची प्राथमिक सेवा आहे, आणि वृद्धांची सेवाही आहे. बहिरेपणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा रोख तर आरोग्य केंद्रापर्यंत तपासणी आणि प्रशिक्षण नेण्यावरच आहे. तिशीपुढच्या माणसांचा रक्तदाब आणि साखर तपासायची मोहीम चालते. त्याच खुर्चीत, त्याच वेळी कानात दिवा टाकायला जास्तीची दोन मिनिटं लागतील. ग्रामसभेत रस्ता आणि पाण्यासोबत हा प्रश्न विचारला गेला पाहिजे : आमच्या केंद्रात ऑटोस्कोप आहे का, त्यात सेल आहेत का, आणि तो वापरायला कोण शिकलंय?

हे मागणं क्षुल्लक वाटू शकतं. पण २०१९ मध्ये याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजलं. सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पोटावरची मोठी शस्त्रक्रिया ज्या बायकांपर्यंत इतक्या सहज पोचली, त्यांच्या सासवांच्या कानात टाकायचा दिवा पोचत नाही, ही गोष्ट मनाला लागते. त्यातही बाईचं ऐकणं घरात शेवटी मोजलं जातं. आबांना ऐकू येत नाही म्हणून धावाधाव तरी होते. आजी डोक्यावरचा पदर सावरत हसून मान हलवते आणि तिला काही ऐकू आलेलं नाही हे कळायलाच वर्ष जातं.

यंत्रवाल्यांचा पक्ष अलीकडे जोरात आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना १ एप्रिल २०१७ ला सुरू झाली; काठी, चष्मा, कवळी यांच्याबरोबर तिच्यात श्रवणयंत्रही आहे. राज्यानं २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली आणि ६५ वर्षांपुढच्या, वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या खात्यात एकदा ३,००० रुपये द्यायचं ठरवलं. दोन्ही योजनांचा हेतू चांगला आहे. पण मळानं बंद असलेल्या नळीत यंत्र बसवलं तर आवाज मळावर आदळून परत फिरतो, यंत्र शिट्टी मारतं, आणि काही दिवसांत त्याच्या तोंडाशीही मळ बसून ते मुकं होतं. दुरुस्तीला आलेल्या यंत्रांत मळानं बिघडलेली पुष्कळ असतात. बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारं स्वस्त मशीन तर सगळेच आवाज सारखे वाढवतं; भांडं पडलं की डोक्यात घण बसतो. आबा ते चार दिवसांनी काढून कोनाड्यात ठेवतात आणि पुन्हा कधी यंत्राला हात लावत नाहीत. पुढे खरंच कामाचं यंत्र देऊ केलं तरी ते नको म्हणतात. यंत्र देणाऱ्या प्रत्येक शिबिरात पहिल्या टेबलावर ऑटोस्कोप, दुसऱ्यावर मळ काढणं, तिसऱ्यावर ऐकण्याची चाचणी आणि त्यानंतर यंत्र, असा क्रम सक्तीचा केला पाहिजे. मळ असताना केलेल्या चाचणीचा कागद अपंगत्वाच्या दाखल्यालाही चालता कामा नये.

याच्या उलट टोकालाही एक चूक आहे. दिसला मळ की काढ, दर महिन्याला कान साफ करून घे, असा सल्ला देणारेही आहेत. तो पैसे खाणारा सल्ला आहे. त्रास नसेल आणि पडदा दिसण्यात अडथळा येत नसेल, तर मळाला हात लावू नये, असंच मार्गदर्शिका सांगतात. अपवाद थोडे : विस्मरणामुळे ज्यांना आपला त्रास सांगता येत नाही ते, श्रवणयंत्र वापरणारे, आणि ज्यांची ऐकण्याची चाचणी व्हायची आहे ते. यांचे कान सहा महिन्यांनी, वर्षानं बघत राहावेत.

मळ निघाला आणि तरी ऐकू कमीच येतंय, असं पुष्कळांच्या बाबतीत होईल. तिथं मग खरोखर वय असतं, किंवा वयाच्या आडून दुसरं काही. जिनिंगच्या यंत्रांशेजारी किंवा परळीच्या औष्णिक केंद्रात गेलेली वर्षं, विहिरीचे सुरुंग, सप्ताहात स्पीकरच्या अगदी पुढ्यात बसून ऐकलेली कीर्तनं. क्षयरोगासाठी पूर्वी टोचल्या गेलेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या सुयांनीही कित्येकांचे कान कायमचे अधू केले. या बहिरेपणात आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ, ख अशी व्यंजनं पुसट होतात आणि स्वर तेवढे ऐकू येतात. त्यामुळे म्हातारा माणूस म्हणतो, "बोलतोस ते येतंय रे कानावर, पण उमजंना." घरच्यांना वाटतं, सोयीचं तेवढं बरोबर ऐकतात. हा आरोप अन्यायाचा आहे. ओरडण्यानं स्वरच आणखी मोठे होतात, व्यंजनं तशीच पुसट राहतात आणि झिजलेल्या कानाला मोठा आवाज बोचतो. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड असताना, टीव्ही बंद करून, थोडं सावकाश बोललं तर तेच वाक्य कळतं. अशा कानाला मात्र यंत्र हवं, चाचणी करून बसवलेलं, आणि सवय व्हायला काही आठवडे धीर धरून. ऐकणं कमी झाल्याचा बुद्धीवर परिणाम होतो, हेही आता नाकारता येत नाही. लॅन्सेटच्या आयोगानं २०२४ मध्ये विस्मरणाची जी टाळता येण्यासारखी १४ कारणं मांडली, त्यात हे एक आहे. अमेरिकेत ९७७ ज्येष्ठांवर तीन वर्षं चाललेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्रवणयंत्रांनी सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही. पण ज्यांना धोका आधीच जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. निकाल संमिश्र आहे, आणि तो तसाच सांगायला हवा. तरी बीडच्या गावांतली म्हातारी माणसं त्या जास्त धोक्याच्या बाजूलाच पडतात असं मानायला जागा आहे : शिक्षण कमी मिळालेलं, रक्तदाब आणि साखर न तपासलेली.

अंबाजोगाईच्या महाविद्यालयाकडे या कामासाठी लागणारी माणसं आहेत. दरवर्षी तिथून डॉक्टर बाहेर पडतात, आणि त्याआधीच्या इंटर्नशिपमध्ये त्यांना कान-नाक-घसा विभागातही काम करावं लागतं आणि ग्रामीण केंद्रातही. विभागात असताना प्रत्येकाच्या हातून म्हाताऱ्यांचे कान बघून घ्यावेत, मळ काढून घ्यावा, आणि ग्रामीण केंद्रावर पाठवताना त्याच्या सामानात ऑटोस्कोप द्यावा. सोबत समुदाय आरोग्य अधिकारी आणि नर्स यांना बोलावून दोन दिवस शेजारी बसवावं. आशाताईंच्या घरभेटीच्या वहीत साठीपुढच्या प्रत्येक माणसासाठी एक रकाना वाढवावा : कान शेवटचा कधी बघितला, कुणी बघितला, आणि आत काय दिसलं.